कोपऱ्यावरचा बाक कोणी नेला?

"देवाच्या घरात तरी बसायला मिळतंय. नाहीतर हल्ली बसणं हे श्रीमंतांचं काम झालंय," मदर ओडेसा शेजारणीच्या कानात कुरकुरल्या.

मदर म्हणजे आमच्या चर्चमधल्या ज्येष्ठ बाई, आणि कानात म्हणजे त्यांच्या मते कानात. मदर ओडेसांना एका बाजूनं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज पुढच्या दोन-तीन रांगांना आरामात पोचते, आणि पंखे बंद असले तर पाद्रीबाबांनाही. पाद्रीबाबा तेव्हा नेमके सहनशीलतेवर बोलत होते.

"लर्लीनला भेटायला निघावं, तर कोपऱ्यावर बसची वाट बघत ताटकळत उभं राहायचं. गुडघे म्हणतात, घरी चल. एक साधा बाक होता मेला, तोही—"

शेजारणीनं, म्हणजे व्हर्लीन बॉयकिननं, त्यांना कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी पलीकडे खूण केली. पलीकडे मदर ओडेसांचा जावई बसला होता.

"तोही काय?" जावयानं वाकून विचारलं.

"काही नाही, डॉक्टर. तुम्ही प्रवचन ऐका."

जावयाचं नाव आर्विन टॉलिव्हर. तो औषधाचा डॉक्टर नव्हे. एकदा भर उन्हाळ्यात चर्चमध्ये एक बाई चक्कर येऊन पडल्या, तेव्हा सगळ्यांनी आशेनं त्याच्याकडे पाहिलं होतं. त्यानं शहराच्या या भागातल्या इमारतींत हवा खेळती का नसते, ते समजावून सांगितलं. बाई तेवढ्यात आपल्या आपण उठून बसल्या. पण तेव्हापासून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि गंमत किती, हे त्यानं कधी मोजलेलं नाही. एरवी तो सगळं मोजतो.

आर्विन सामाजिक न्यायाच्या धोरणांवर संशोधन करतो. गावात चपलांच्या दुकानावर त्याची संस्था आहे; तिथं बसून त्यानं आजवर इतके अहवाल लिहिलेत की संस्थेचं कपाट एका बाजूला कललंय. गरीब वस्तीत भाडं जास्त का, नळाच्या पाण्याला चव का, दुकानात कोबी शिळा का. आपल्या रस्त्यावरचं बर्फ शहर सगळ्यात शेवटी का उचलतं, यावरचा त्याचा अहवाल तर नकाशांसकट होता. तो आल्यानंतरही बर्फ शेवटीच उचलतात, पण आता ते पुराव्यानिशी शेवटी उचलतात.

प्रत्येक अहवालाचं प्रकाशन होतं. कॉफी असते, बेगल नावाचे कडक गोल पाव असतात, शहराच्या कचेरीतून कोणीतरी येतं, "फार मोलाचं काम" असं म्हणतं आणि बेगल न खाता जातं. आर्विन घरी येऊन टाय सोडतो आणि बायकोला म्हणतो, "या वेळी वाचतील बघ." जेनेव्हा शाळेत नर्स आहे. खोटं पोट दुखणारी मुलं रोज बघायची सवय असल्यामुळे ती नुसतं "हं" म्हणते.

त्यातला एकच अहवाल गाजला. त्याचं नाव 'बसण्याचा हक्क'. बसथांब्यांवरच्या बाकांचा त्यात अभ्यास होता. त्यासाठी आर्विननं गुडघ्यांवर बसून, टेप घेऊन, वॉर्डातला बाकन् बाक मोजला होता: उंची, पाठ, हात टेकायच्या दांड्या, सगळं. मुखपृष्ठावर कोपऱ्यावरच्या आपल्याच बाकावर मदर ओडेसा रविवारची टोपी घालून, मांडीवर पर्स ठेवून बसल्यात. बाक तसा डुगडुगणारा. एक फळी नाही, दांडी एकाच बाजूला, पाठीवर एका अंत्यविधीवाल्याची उडालेली जाहिरात. मदर ओडेसा म्हणायच्या, त्याला टेकून बसलं की आपण अजून गिऱ्हाईक झालो नाही याचं बरं वाटतं. अहवालाला राजधानीत काचेचं पदक मिळालं. मदर ओडेसांनी आपली प्रत खोलीत उभी करून ठेवली, आत काय आहे ते न बघता. मुखपृष्ठ छान होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

आणि आता तो बाक नव्हता. शरदातच गेला होता. आर्विनला ते कळायला फेब्रुवारी उजाडला, कारण आर्विन मोटारीनं जातो. बससेवेवर संशोधन करायचं तर माणसाला वेळेवर पोचावं लागतं.

"मदर ओडेसा, मी सोडत जाईन तुम्हाला लर्लीनमावशींकडे," तो त्या दिवशी चर्चमधून येताना कोपऱ्यावरची रिकामी जागा बघून म्हणाला.

लर्लीन ही त्यांची धाकटी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या घरात असते. गुरुवार हा तिचा दिवस. दोघी खिडकीपाशी बसतात आणि चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची उणीदुणी काढतात.

"गाडीनं गेलं की वेळ तुमचा, बसनं गेलं की माझा," मदर ओडेसा म्हणाल्या. "आणि तुम्ही वाटेत रेडिओवर बातम्या लावता."

त्या आठवड्यात गुरुवारी त्या गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. विचारलं की म्हणत, हवा बरी नाही. ईरी तळ्याच्या काठच्या आमच्या गावात फेब्रुवारीत हवा कधीच बरी नसते, पण मदर ओडेसांनी आजवर तिला जुमानलं नव्हतं. फोनवर लर्लीन विचारायची, "येणार आहेस की आता वर गेल्यावरच भेटायचं?" आणि मदर ओडेसा मोठ्यानं हसायच्या आणि फोन ठेवल्यावर खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. त्यांना तसं उभं राहिलेलं आर्विननं दारातून पाहिलं.

सोमवारी त्यानं शहराच्या कचेरीला फोन लावला.

तिथं त्याला कळलं की थांब्याचा खांब बसवाल्यांचा, खांबाखालची फरशी शहराची, आणि बाक जाहिरातवाल्यांचा असतो. जाहिरातवाले म्हणाले, बाक आमचा होता पण जागा आमची नाही. बसवाले म्हणाले, बसायची जबाबदारी आमची बसच्या आतली. शेवटी तो फरशीवाल्यांकडे आला.

"तो बाक ना?" फरशीवाली बाई म्हणाली. "तो अहवालानुसार काढलाय."

"अहवालानुसार!" आर्विन खुर्चीतून उठलाच. "बाई, असा अहवाल लिहिणाऱ्याला एकदा त्या कोपऱ्यावर जानेवारीत उभा करा म्हणावं. यांना माणसं माहीत नसतात. कागद तेवढे माहीत असतात."

"बरोबर आहे सर," बाई सहानुभूतीनं म्हणाली. "तक्रार कोणाच्या नावानं लिहू?"

"आर्विन टॉलिव्हर."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"टॉलिव्हर? ते... बसण्याचा हक्कवाले?"

"हो!" आर्विन खुलला. "तुम्ही वाचलाय?"

"सर, एक मिनिट थांबाल का," बाई म्हणाली आणि फोनवर गाणं लागलं. आर्विननं ते गाणं जेवणाची सुटी संपेपर्यंत ऐकलं. बाई परत आली नाही. मानी माणसाला असं गाण्यावर टाकून जाणं फार लागतं. फोन ठेवतानाच त्यानं ठरवलं, की आता अहवाल पुरे. ज्या खुर्चीत बसून लोक अहवाल वाचत नाहीत, त्या खुर्चीतच आपण जाऊन बसायचं.

"मी नगरपरिषदेला उभा राहतोय," त्यानं संध्याकाळी जाहीर केलं.

जेनेव्हा गणवेशाला इस्त्री करत होती. इस्त्री एका जागी जरा जास्त थांबली.

"कशासाठी?"

"त्या बाकासाठी. म्हणजे बाकापासून सुरुवात. लोकांपुढे मी एकच प्रश्न ठेवणार आहे: कोपऱ्यावरचा बाक कोणी नेला?"

"आर्विन, तो बाक..."

"काय?"

जेनेव्हानं त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी या माणसाचा चेहरा उत्साहात आला की शाळेतल्या मुलासारखा दिसतो, आणि शाळेतल्या मुलाचा ताप बघताना ती नेहमी आधी कपाळाला हात लावते, मग थर्मामीटर. तिनं इस्त्री उचलली.

"काही नाही. जेवून घे."

बातमी रस्त्यावर पसरायला वेळ लागला नाही, कारण मदर ओडेसांनी ती फोनवर कुणाच्यातरी कानात सांगितली. दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष हर्शल गेन्स बर्फ झाडण्याच्या निमित्तानं आले. आमच्या प्रत्येक रस्त्याला असं मंडळ आहे आणि रस्त्याच्या तोंडाशी त्याची पाटी आहे: चेंडू खेळू नये, रस्त्यावर गाडी धुऊ नये, मोठ्यानं गाणी लावू नयेत. हर्शल पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ती पाटी हेच त्यांचं आयुष्य आहे.

"ब्रदर टॉलिव्हर, उभे राहा, जरूर राहा," ते फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाले. "फक्त काही गोष्टी पाळा. कोणाच्याही घरी वाढलेलं नाकारू नका. 'संरचनात्मक' हा शब्द बोलू नका. आणि ते बाकाचं..."

"तोच तर मुख्य मुद्दा!"

"मुख्य नको. बाजूला असू दे. खड्डे घ्या की. खड्डे सगळ्यांना आवडतात."

"हर्शल, तुमची शेजारीण उभी राहून राहून दमली आणि तुम्ही खड्डे घ्या म्हणता?"

हर्शल यांनी आकाशाकडे पाहिलं, पुन्हा बर्फ येणार असं म्हणाले आणि घरी गेले. आर्विनला वाटलं, भित्रा माणूस.

व्हर्लीन बॉयकिनचं केस कापायचं दुकान आहे. तिनं दुकानात फलक लावायला होकार दिला, पण बाकाचं वाक्य वाचून म्हणाली, "डॉक्टर, हे असं विचारलंत तर लोक उत्तर देतील ना."

"तेच हवंय!"

"हो का," व्हर्लीन म्हणाली आणि कात्री कंगव्यात अडकवून ठेवली.

त्याच दुकानात त्याला सध्याचे नगरसेवक डेल्मर प्राइस भेटले. मऊ टोपी, मऊ आवाज, गेल्या तीन निवडणुकांत कोणी त्यांना हरवलेलं नाही आणि त्यांनीही त्या काळात कोणाचं फारसं काही बिघडवलेलं नाही. त्यांनी आर्विनचा हात दोन्ही हातांत घेतला.

"डॉक्टर, लढत खिलाडूपणानं होऊ द्या. मी शब्द देतो, त्या बाकाबद्दल मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"घाबरलाय," आर्विननं घरी येऊन सांगितलं. जेनेव्हानं बटाटे सोलायचं काम पुढे चालू ठेवलं.

आता उमेदवारीला वॉर्डातल्या आपल्या पक्षाच्या मतदारांच्या सह्या लागतात. सह्यांसाठी दारोदार जावं लागतं. आर्विन आयुष्यभर दारोदार गेलेला माणूस, त्यामुळे या बाबतीत त्याला सगळ्यांत जास्त आत्मविश्वास होता. पहिल्या दारावर तो म्हणाला:

"नमस्कार. या संभाषणात तुमचा सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. कोणत्याही क्षणी, कारण न देता, तुम्ही दार लावून घेऊ शकता."

बऱ्याच जणांनी ती सवलत घेतली.

"अरे, मला मत द्या असं म्हण ना सरळ!" पायरीखाली गारठत उभी असलेली जेनेव्हा म्हणाली.

"तसं कसं म्हणणार? तो उत्तर सुचवणारा प्रश्न झाला. समोरच्याच्या तोंडात शब्द घालायचे नसतात. हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

"आर्विन, निवडणूक म्हणजे तेवढंच असतं."

पण बावीस वर्षांची शिस्त थंडीनं मोडत नाही. त्यानं तो प्रश्न कुणालाच विचारला नाही. तो विचारायचा, "शून्य ते दहा या मापावर, निवडणूक या गोष्टीबद्दल तुम्हाला साधारण काय वाटतं?" लोक चार म्हणायचे, पाच म्हणायचे. एक म्हातारे गृहस्थ अकरा म्हणाले आणि त्याला आत घेऊन रताळ्याची पेस्ट्री खायला घातली. त्यांना वाटलं होतं, तो गॅसचा मीटर वाचायला आलाय.

सह्या मात्र जमल्या. लोक त्याला ओळखत होते. कोणाचा घरपट्टीचा दावा त्यानं लिहून दिला होता, कोणाच्या नातीचा कॉलेजचा अर्ज दोनदा तपासला होता, हर्शलच्या बायकोच्या शेवटच्या आजारात विमा कंपनीशी तो महिनाभर भांडला होता आणि जिंकला होता. हे कोणी बोलून दाखवत नाही. पण त्याचं बोलणं मध्येच तोडून, "बरं बरं, कुठं करू सही?" असं विचारत.

निवडणूक कचेरीत गळ्यात साखळीचा चष्मा अडकवलेल्या बाईंनी त्याचे कागद घेतले, पहिलं पान पाहिलं, मागचं पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं.

"हे काय आहे?"

"सह्या."

"इथं नावाच्या जागी 'सहभागी क्रमांक चौदा' असं लिहिलंय."

"हो. प्रत्येकाची ओळख गुप्त राखलीय. नाव-पत्ता कुठेही येणार नाही असं मी दारातच सांगतो, त्यामुळे लोक मोकळेपणी बोलतात."

बाईंनी चष्मा काढला. "साहेब, हा क्रमांक चौदा कोण आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत तर आहेच. माझ्या सासूबाईच आहेत. पण मी त्यांना शब्द दिलाय की—" आर्विन थांबला. बावीस वर्षांच्या कारकिर्दीत त्याच्या हातून पहिल्यांदाच कोणाची ओळख फुटली होती. तो इतका हादरला की बाईंनीच त्याला पाणी आणून दिलं.

"नाव लागतं, पत्ता लागतो, सहीही वाचता आली तर बरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे. तोवर पुन्हा आणा."

त्या दिवशी आर्विन घरी आला तो कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला. झालं ते ऐकून मदर ओडेसा एवढंच म्हणाल्या, "चौदा? तुमच्या घरात राहते मी, आणि चौदावी?" आणि त्यांनी फोन उचलला.

गुरुवारी सकाळी हर्शल गेन्स नव्या छापील कागदांसह दारोदार फिरले. पायरीपायरीवर तेच संभाषण झालं.

"हर्शल, पण त्याला ते कोणीतरी सांगायला नको का?"

"तू सांगतेस?"

"मी कशी सांगू? माझ्या नातीचा अर्ज..."

"मग सही कर. आणि नाव नीट लिही."

आर्विननं हे ऐकलं असतं तर त्याला चालू घडामोडींचा काही अर्थ लागला असता. पण तो घरी मोठ्या पुठ्ठ्यावर प्रचाराचा फलक लिहीत होता. वाक्य होतं: "कोपऱ्यावरचा बाक कोणी नेला?" आणि त्याला तारांकित करून खाली, बारीक अक्षरात, माहितीचा स्रोत दिला होता. अंगणात लावायच्या पाटीवर तळटीप देणारा आमच्या वॉर्डातला तो पहिला उमेदवार. लोक वाचायला गाडी थांबवायचे, त्यामुळे एकदा रस्ता अडला आणि पाटीवर मंडळाच्या नियमांप्रमाणे काय कारवाई करावी, यावर हर्शलनी दोन दिवस विचार केला. शेवटी त्यांनी ती आपल्याच झुडपामागे ठेवून दिली.

मार्चअखेरीस बर्फ कमी झालं आणि हर्शलना राहवेना. चर्चच्या तळघरात मोडक्या बाकड्यांचा ढीग होता. त्यातलं एक आखूडसं बाकडं त्यांनी पाद्रीबाबांना विचारून काढलं, करवतीनं पाय सारखे केले, वर जुनं गालिच्याचं कापड ठोकलं आणि व्हर्लीनच्या मदतीनं कोपऱ्यावर नेऊन मांडलं. गुरुवार होता. मदर ओडेसा टोपी घालून खाली आल्या, बाकड्यावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली. त्यांनी दोन्ही पाय जमिनीवरून जरासे उचलून पाहिले आणि परत टेकवले. व्हर्लीन तोंड फिरवून उगाचच नाक शिंकरायला लागली.

तेवढ्यात आर्विनची गाडी आली.

त्याला फार आनंद झाला. त्यानं हर्शलना मिठी मारली. मग तो एक पाऊल मागे सरकला, डोकं एका बाजूला कलतं केलं, आणि त्याचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. खिशात टेप असते.

"ब्रदर टॉलिव्हर," हर्शल म्हणाले, "नको."

"नुसतं बघतो." तो गुडघ्यांवर बसला. "मदर ओडेसा, जरा पाय इकडे घ्या. हं. बैठक दोन इंच खाली आहे. हात टेकायला दांडी नाहीच. चाकाच्या खुर्चीला शेजारी जागा नाही." त्याचा आवाज खाली आला. "हर्शल, आपण नियमात नसलेला बाक ठेवून कसं चालेल? मी उमेदवार आहे. उद्या डेल्मर प्राइस काय म्हणेल? सध्या हा आत नेऊ या. मी आजच परवानगीचा अर्ज टाकतो, मग योग्य तोच बाक येईल."

व्हर्लीननं नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"परत?" व्हर्लीनच्या तोंडून निघून गेलं.

"परत म्हणजे?"

"परत... बर्फ पडणार म्हणतात."

मदर ओडेसा उठल्या. कोणी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. बस आली तेव्हा त्या खांबाला धरून उभ्या होत्या, आणि बस थांबली तरी त्या चढल्या नाहीत, घराकडे वळल्या. आर्विन मागून म्हणत होता, "थोडेच दिवस, मदर ओडेसा, फार तर मेपर्यंत." बाकडं हर्शल आणि आर्विन दोघांनी मिळून उचलून चर्चमध्ये नेलं. अख्ख्या वाटेत हर्शल एक शब्द बोलले नाहीत, आणि आर्विनला वाटलं, ओझ्यानं दमलेत.

परवानगीचा अर्ज फरशीवाल्यांकडे गेला. फरशीवाल्यांनी तो खांबवाल्यांना पाठवला. मे उजाडला तेव्हा अर्ज जाहिरातवाल्यांकडे होता आणि ते विचारत होते की पाठीवर कोणत्या अंत्यविधीवाल्याचं नाव घालायचं.

जूनच्या मतदानाआधी चर्चच्या तळघरात उमेदवारांची सभा असते. सभेला लोक यावेत म्हणून मासे तळतात. खरं तर लोक माशांनाच येतात आणि सभा कोबीच्या कोलस्लॉसारखी ताटात बाजूला असते. त्या दिवशी तळघर गच्च भरलं होतं. कढईपाशी हर्शल, मॅकरोनी वाढायला व्हर्लीन. पहिल्या रांगेत मदर ओडेसा. त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत लर्लीन होती. गेल्या आठवड्यात ती आजारी होऊन बरी झाली होती आणि आज जेनेव्हा तिला शाळेनंतर जाऊन घेऊन आली होती. फेब्रुवारीनंतर बहिणी आज पहिल्यांदा भेटत होत्या. लर्लीन खूपच बारीक झाली होती. मदर ओडेसांनी तिचा हात आल्यापासून सोडला नव्हता. मासा एका हातानं खात होत्या.

डेल्मर प्राइस खड्ड्यांवर बोलले. टाळ्या पडल्या.

आर्विन उठला. त्यानं फलक लावायची विनंती केली होती, पण फलक कोणाला सापडला नव्हता. त्यानं भाडं घेतलं, पाणी घेतलं, कोबी घेतला. संरचनात्मक हा शब्द तो दोनदा म्हणाला, पण दोन्ही वेळा घाईनं. मग त्यानं चष्मा काढला आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"आणि आता एकच प्रश्न," त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. "ही माझी सासू आहे. ही तिची बहीण. या दोघींच्या मध्ये एक बस आहे आणि बसच्या आधी एक कोपरा आहे. त्या कोपऱ्यावर बसायला एक साधा बाक होता. त्या एका बाकापायी यांचा सबंध वसंत गेला. मी या सभेला विचारतो, तो बाक कोणी नेला?"

कढईत एक मासा चुरचुरत होता, तो हर्शलनी घाईनं बाहेर काढला. डेल्मर प्राइस आपल्या कॉफीत बघत बसले. व्हर्लीन मॅकरोनीचा डाव पुसायला लागली. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. जेनेव्हा भिंतीला टेकून उभी होती. ती दोन पावलं पुढे आली आणि तिथंच थांबली.

"विचारतोय मी!" आर्विन म्हणाला. "कोणाला माहीत नाही?"

मदर ओडेसांनी बहिणीचा हात तिच्या मांडीवर नीट ठेवला. खुर्चीच्या पाठीला धरून त्या उठल्या. उठताना गुडघे वाजले, ते मागच्या रांगेलाही ऐकू आले.

"तू नेलास, आर्विन."

आजवर त्या त्याला डॉक्टरच म्हणत आल्या होत्या.

"मी?"

"तूच. बाक न्यायला आलेल्यांनी तुझं पुस्तकच उघडून दाखवलं. त्यात तू लिहिलंस, जो बाक मापात नाही तो ठेवू नये, नवा मापाचा द्यावा. त्यांनी पहिलं अर्धं केलं. आणि कुठला बाक म्हणशील, तर मुखपृष्ठावर फोटोच होता. माझ्यासकट." त्यांनी दम घेतला. "इतकी वर्षं लिहितोस. कोणी वाचत नाही म्हणून कुढतोस. एकदा वाचलं त्यांनी, बाळा, एकदाच, आणि ते माझ्या बाकावर आलं. अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. तुला सांगायची कोणाची छाती झाली नाही, कारण सगळ्यांना तू आवडतोस."

आर्विननं हर्शलकडे पाहिलं. हर्शलनी मान हलवली. व्हर्लीननं हलवली. डेल्मर प्राइस यांनीही, माफी मागितल्यासारखी, थोडीशी हलवली. जेनेव्हाकडे पाहायचं त्यानं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. त्याच्या डोक्यात ते वाक्य उभं राहिलं, त्याचंच, पान आणि परिच्छेदासकट. भाषा चांगली होती. फोनवरची ती बाई आठवली. कोपऱ्यावर गुडघ्यांवर बसून टेप उलगडणारा माणूस आठवला. तो माणूस त्याला बाहेरून कधी दिसला नव्हता.

तो टेबलाला धरून उभा होता. बोलायचे कागद हातात होते, पण या जागी काय म्हणावं ते त्यांत नव्हतं. त्यानं ते उलटे ठेवले. मग तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एवढा बारीक झाला होता की मदर ओडेसांनी चांगला कान पुढे केला:

"तरी मला मत द्याल?"

आयुष्यातला त्याचा पहिला सरळ प्रश्न. तळघरातल्या प्रत्येकाला वाटलं की तो आपल्यालाच विचारलाय. कोणीही आकडा सांगितला नाही.

मदर ओडेसांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. मग त्या हळूहळू खाली बसल्या आणि लर्लीनचा हात परत हातात घेतला.

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी ते बाकडं उचल आणि कोपऱ्यावर नेऊन ठेव. आणि मोजू नकोस."